खनिजाची धूळ, कोळशाची भुकटी आणि मे महिन्यातली आंधी: सीओपीडीच्या रुग्णांचा दिवस कसा आखावा?

चाफा_सांखळी

नमस्कार मंडळी. घरोघरी जाऊन श्वसनाचे व्यायाम करून घेणं हे माझं काम. दोन रुग्णांसाठी नीट आखणी हवी आहे. दोघांना विचारूनच लिहितेय, ठिकाणं मोघम ठेवलीत.

एक काका, वय ७१. घर गोव्यात सांखळीच्या बाजूला, खनिज वाहतुकीच्या रस्त्यापासून तीसेक मीटरवर. सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार), एफईव्ही-१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षेच्या ४२ टक्के. पूर्वी टीबी झालेला, कोर्स पूर्ण केलेला. बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन ९३ टक्के. सकाळ-संध्याकाळ नेहमीचा पंप (इनहेलर), धाप लागली की निळा. घर मंगलोरी कौलांचं, वर माळा नाही.

दुसऱ्या काकी, ६४, वास्कोत बायण्याच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर. दमा आणि सीओपीडी दोन्ही. मे महिन्यात जोधपूरला लग्न आहे, विमानाने जाणारच म्हणतात.

विचारायचं ते असं. खिडक्या नक्की कधी उघडायच्या? फोनवर एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) "मध्यम" दिसतो आणि काकांना तर न्हाणीपर्यंत जातानाही धाप लागते, हे कसं? मास्क लावला की दोघांनाही गुदमरतं. कौलारू घरात एअर प्युरिफायर घेऊन उपयोग होतो का? धुळीच्या दिवशी पंप आधीच दुप्पट घ्यावा का? आणि गूळ खाल्ल्याने धूळ पोटात उतरते यावर काका ठाम आहेत, तेव्हा त्याचंही उत्तर लागेल.

---

वारा_पाणी

आधी "मध्यम"चा घोळ. आपल्याकडचा एक्यूआय धुळीसाठी २४ तासांच्या सरासरीवर काढतात. सकाळी दहा ते बारा या वेळात ट्रकांची रांग लागून रस्त्याकडेचा आकडा कितीही चढला, तरी रात्रीच्या शांत तासांनी तो पातळ होतो. शिवाय "मध्यम" हा पट्टा १०१ ते २०० चा. पीएम-१० च्या, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भाषेत तो घनमीटरमागे १०१ ते २५० मायक्रोग्रॅम. आपलं राष्ट्रीय मानक २४ तासांना १००, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं ४५. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या तक्त्यातही "मध्यम"समोर लिहिलंय की फुप्फुसाचा आजार असलेल्यांना त्रास होऊ शकतो. म्हणजे काकांसाठी सावध व्हायची रेषा १०० वरच आहे. "वाईट" हा शब्द दिसेपर्यंत थांबू नका.

दुसरं, हा आकडा देणारं मोजणी केंद्र कुठे आहे ते प्रदूषण मंडळाच्या "समीर" ॲपवर बघा. पंधरा किलोमीटरवरचं केंद्र तुमच्या रस्त्याची धूळ मोजत नाही. म्हणून लोक दोन-तीन हजारांचं घरगुती यंत्र आणतात, त्यात आपल्या दमट हवेची मेख आहे. ही यंत्रं कणांवर प्रकाश टाकून मोजतात. आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात, आणि धुकं असेल तर पाण्याचे थेंबच कण म्हणून मोजले जातात. पहाटेचा आकडा त्यामुळे फुगलेला येतो. अशा यंत्रावर एकेका आकड्यापेक्षा दिवसातला चढउतार बघावा, आणि तो दुपारच्या कोरड्या तासांत बघावा.

आता खिडक्या. दोघांची घड्याळं उलटी आहेत.

काकांचं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा थंड होते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. संध्याकाळी जाळलेल्या पाचोळ्याचा धूर सकाळी आठ-नऊपर्यंत त्याच थरात साचून राहतो. म्हणून "पहाटेची शुद्ध हवा" हिवाळ्यात खरी नाही, आणि पहाटे फिरायला जाणं तर मुळीच नको. ट्रक चालू असतील त्या वेळात रस्त्याकडच्या खिडक्या बंद, मागच्या परसाकडच्या उघड्या. वाहतूक थांबल्यावर तासाभराने पुढच्या उघडा. रस्त्यावर टँकरने पाणी मारतात त्यावर विसंबू नका. मेच्या उन्हात ते पाणी बघता बघता सुकतं, आणि सांडलेला माल झाडून उचलला नसेल तर त्या चिखलाचाच टायरखाली पुन्हा फुपाटा होतो.

काकींचं: दुपारचा समुद्रवारा पश्चिम-वायव्येचा, म्हणजे बंदराकडून शहराकडे. इतर गोव्यात हाच वारा हवा धुऊन काढतो, वास्कोत वाटेत कोळशाचे ढीग आहेत. साधारण अकरा ते सूर्यास्त बंदराकडच्या खिडक्या बंद. रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे फिरतो तेव्हा उघडता येतील. खात्रीसाठी ओला पांढरा कापूस घेऊन प्रत्येक खिडकीची चौकट आठवडाभर रोज एकाच वेळी पुसा. ज्या खिडकीवर काळं जास्त ती बंद ठेवायची. लाल आलं तर माती किंवा खनिज. मात्र चौकटीवर दिसतो तो जाड माल. तो नाकात-घशात अडकतो. आत खोल जाणारा बारीक भाग डोळ्यांना दिसत नाही.

एक अपवाद. २०२२ च्या जानेवारीत कराचीकडून निघालेली धूळ अरबी समुद्रावरून येऊन मुंबई झाकोळून गेली होती. अशा दिवशी समुद्रावरचा वाराच धूळ घेऊन येतो, तेव्हा वरचं वेळापत्रक गुंडाळून ठेवायचं. आभाळ दुधी-पिवळं, सूर्य पांढरट थाळीसारखा, पण हवेत दमटपणा नाही असं दिसलं की सगळ्या खिडक्या बंद.

---

फुंकर

वारा_पाणी यांनी खिडक्यांचं सांगितलं, मी मात्रेचं सांगते. आत किती धूळ जाते हे हवेतलं प्रमाण, वेळ आणि श्वासाचा वेग या तिघांच्या गुणाकारावर ठरतं. बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो, भरभर चालणारा सहज पंचवीस. म्हणजे धुळीच्या रस्त्याकडेने २० मिनिटं भरभर चालणं म्हणजे तिथेच सत्तर मिनिटं बसून राहिल्यासारखं. वर धाप लागली की तोंडाने श्वास सुरू होतो आणि नाकाची गाळणी बाजूलाच राहते. चालणं बंद करू नका, सीओपीडीत पायांची ताकद गेली की पुढचं सगळं कठीण होतं. धुळीच्या दिवशी घरातल्या घरात, मागच्या खोलीत फेऱ्या.

पंप दुप्पट करायचा का? नेहमीचा पंप दुप्पट करायचा नाही, पण एकही वेळ चुकवायची नाही. त्याचा परिणाम दिवसागणिक साठतो, धुळीच्या सकाळी दोन फवारे जास्त मारून तो मिळत नाही. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, घराबाहेर पडण्याआधी १०-१५ मिनिटं घ्यायला काही डॉक्टर सांगतात. ते काकांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, किती फवारे आणि दिवसात जास्तीत जास्त किती वेळा, या दोन आकड्यांसह. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर हे आकडे बदलतात.

धुळीच्या दिवसांत निळ्या पंपाच्या फवाऱ्यांचा हिशेब कॅलेंडरवर मांडा. बहुतेक डब्यांत २०० फवारे असतात. नेहमी महिना पुरणारा डबा दहा दिवसांत संपला तर त्यापेक्षा स्पष्ट खूण नाही. डबा हलवून "आहे अजून" म्हणू नका, औषध संपल्यावरही आतला वायू फुसफुसतो.

पद्धत चुकली तर बाकी सगळं वाया. फवाऱ्याच्या पंपाने श्वास हळू घ्यायचा, चार-पाच सेकंद. कॅप्सूल फोडून घ्यायच्या पंपाने जोरात आणि खोल. दोन्ही पंप असलेले रुग्ण हमखास उलटं करतात. फवाऱ्याला स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) हवाच: डबा हलवा, एक फवारा, हळू श्वास, दहा सेकंद रोखा, अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा हलवून दुसरा. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये मारले की बरंच औषध भिंतींनाच चिकटतं. स्पेसर आठवड्यातून एकदा भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळू द्या. कापडाने पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच बसतं. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची.

गोव्यात कॅप्सूलची वेगळी कटकट आहे. जूनपासून पूड दमटते आणि गुठळी होते. बाटलीचं झाकण घट्ट, आतली शोषकाची पुडी तशीच, कॅप्सूल घ्यायच्या वेळीच बाहेर काढायची. चार कॅप्सूल शर्टाच्या खिशात घालून फिरणारे काका सगळ्यांनी पाहिले असतील.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट: त्रास त्याच दिवशी होईल असं नाही. धुळीनंतर श्वासनळ्यांची सूज चढत जाते आणि खरा झटका एक ते तीन दिवसांनी येतो. "काल तर बरे होते" म्हणत लोक बेसावध राहतात. म्हणून धुळीनंतर तीन दिवस लक्ष ठेवा: बेडका वाढला का, पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला का, रात्री उशा वाढवाव्या लागतात का, निळा पंप चार तासही पुरत नाही का. यातलं दोन असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. बोलताना वाक्य तुटतंय, ओठ निळसर, गुंगी, गोंधळल्यासारखं बोलणं, बसल्या जागी ऑक्सिजन ८८ च्या खाली: १०८. वाट बघताना ताठ बसवून पुढे झुकवा, हात टेबलावर, नाकाने श्वास आत, ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ बाहेर.

औषधाच्या दुकानातून "मागच्या वेळची" स्टिरॉइडची पट्टी परस्पर आणू नका. छोटा कोर्स झटक्यात उपयोगी पडतो हे खरं, पण वर्षातून चार-पाच वेळा असं झालं की साखर, हाडं, डोळे यांवर येतं, आणि ज्यांना टीबी होऊन गेलाय त्यांनी तर अधिक सांभाळायचं. खोकला दाबणारं सिरपही नको, बेडका आतच राहतो. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकलची (न्यूमोनियाविरुद्धची) घेतली नसेल तर ती, हे आधीच उरकून घ्या.

गूळ अन्ननलिकेतून जातो, धूळ श्वासनलिकेत असते. दोन वेगळ्या वाटा. काकांना आवडत असेल तर खाऊ द्या, साखर तपासून. मास्कऐवजी नको, एवढंच.

---

लाल_माती

गूळ आमच्याकडे खाणीवर रोज वाटायचे, पाठ थोपटल्यासारखा. असो.

एक विचारायचं राहिलं: काका २०१२ च्या खाणबंदीआधी खाणीवर होते का? आणि नेमकं काय काम? ट्रक चालवणं, ड्रिलिंग आणि क्रशर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लोहखनिजाची लाल धूळ फुप्फुसात साचली तरी एक्स-रेवर दिसते त्या मानाने त्रास कमी देते. घात करते ती त्यातली सिलिका, म्हणजे दगड फोडताना उडणारी गारगोटीची बारीक भुकटी. काम सुटून दहा-पंधरा वर्षं झाली तरी सिलिकोसिस (या भुकटीने फुप्फुसात व्रण पडण्याचा आजार) पुढे सरकतो, आणि सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याची शक्यता पुष्कळ जास्त. टीबी होऊन गेलाय म्हणताय म्हणून मुद्दाम लिहितोय. सीओपीडीच्या शिक्क्याखाली हे लपतं. जुने एक्स-रे घेऊन बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) छातीच्या विभागात दाखवा आणि कामाची वर्षं-प्रकार कागदावर लिहून न्या. डॉक्टर घाईत असले की "पूर्वी काय करत होता?" हा प्रश्न राहून जातो. वजन घटणं, संध्याकाळचा ताप, बेडक्यात रक्त यांतलं काही असेल तर धुळीला दोष देत बसू नका, आधी बेडका तपासा.

---

कौलारू

प्युरिफायरबद्दल. मशीन घराला पुरत नाही, खोलीला पुरतं, आणि खोली म्हणजे जिला छत आहे ती. कौलांच्या फटींतून हवा सतत ये-जा करते. मंगलोरी कौलांचं घर थंड राहतं ते त्यामुळेच. उघड्या कौलांखाली मशीन लावणं म्हणजे गळक्या कळशीत पाणी भरणं.

उपाय: एकच झोपायची खोली निवडा, रस्त्यापासून लांबची. वर प्लायवूड किंवा पीव्हीसीचं सीलिंग मारून घ्या, निदान जाड ताडपत्री ताणून कडा भिंतीला पट्टीने दाबा. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा. मग हिशेब असा: १२ बाय १० फुटांची खोली, सीलिंग १० फुटांवर, म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर ३४ × ५ = १७०. मशीनचा सीएडीआर (ते किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) तासाला १७० घनमीटरच्या वर हवा, आणि तो मधल्या वेगावर मिळाला पाहिजे, कारण सगळ्यात वरच्या वेगाच्या आवाजात कुणी झोपत नाही आणि मशीन बंद होतं. आत हेपा (बारीक कण अडवणारा) फिल्टर. "आयन" किंवा "ओझोन" सोडणारी यंत्रं दम्याच्या घरात नकोत, ओझोन स्वतःच श्वासनळीला झोंबतो. लाल धुळीत पुढची जाळी आठवड्याला व्हॅक्यूमने साफ करा. हेपा धुवायचा नसतो, आणि कंपनी वर्ष म्हणत असली तरी रस्त्याकडेच्या घरात तो आधीच भरतो.

एसी हवा गाळत नाही, थंड करतो. त्याची जाळी फक्त केस-कचरा अडवते.

मशीन घेण्याआधी फुकटातलं करा. सुका झाडू बंद. दहा मायक्रॉनचा मातीचा कण शांत खोलीत काही मिनिटांत जमिनीवर बसतो, अडीच मायक्रॉनचा तासाहून जास्त वेळ तरंगतो, आणि केरसुणी दोघांनाही पुन्हा उठवते. ओलं फडकं, दिवसातून दोनदा, काका दुसऱ्या खोलीत असताना. पंख्याची पाती पंधरा दिवसांनी ओल्या कापडाने. डासांची कॉइल आणि बंद खोलीतली धूप-अगरबत्ती थांबवा. न्हाणीतल्या चुलीवर आंघोळीच्या पाण्याचं भाण तापत असेल तर तो धूर रस्त्याच्या धुळीपेक्षा वाईट, कारण तो बारीक असतो, घरातच असतो आणि रोज असतो. ट्रकांवर रागावून आपण लाकडं पेटवतो ही गंमतच म्हणायची. नरकासुर जाळायच्या पहाटे आणि काजूच्या हंगामात शेजारी भट्टी पेटलेली असताना हीच खोली बंद करून वापरा.

मास्क: कापडी किंवा सर्जिकलच्या कडेने हवा आत येते, बारीक कणांना त्याचा उपयोग थोडाच. एन-९५ किंवा एफएफपी-२ घ्या, डोक्यामागून दोन पट्टे असलेला. कानातल्या दोऱ्यांचा नीट बसत नाही. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबा, जोरात फुंका, डोळ्यांकडे हवा आली तर बसलेला नाही. दाढी असेल तर बसणारच नाही. गुदमरतं म्हणता तर उच्छ्वासाची झडप असलेला बघा, धुळीसाठी तो चालतो. आधी घरी बसून १०-१५ मिनिटं, बोटाला ऑक्सिमीटर लावून. चक्कर, डोकेदुखी किंवा आकडा तीन-चारने खाली आला तर तो मास्क काकांसाठी नाही, मग बाहेर जाणंच टाळायचं. मास्क धुऊ नका, घामाने भिजला की टाका. वायू तो अडवत नाही, फक्त कण.

---

मांडवी_७

ओला रुमाल बांधला तरी चालतं की. एवढा खर्च कशाला?

---

कौलारू

जाड धुळीला चालतं, म्हणून शिंका थांबतात आणि बरं वाटतं. बारीक कण त्यातून आरपार जातात. शिवाय ओल्या कापडातून श्वास ओढायला जोर जास्त लागतो, ४२ टक्के एफईव्ही-१ वाल्याला तो परवडत नाही. मास्क हाताशी नसताना दहा मिनिटांपुरता ठीक.

---

चाफा_सांखळी

सगळ्यांचे आभार. काका क्रशरवर ११ वर्षं होते, आजच विचारलं. जुने एक्स-रे माळ्यावर, म्हणजे शेजारच्या माळ्यावर आहेत. अजून दोन गोष्टी: मुलगा काकांसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) विकत घेतो म्हणतोय. आणि काकींच्या जोधपूरचं कुणी बोललंच नाही.

---

फुंकर

क्रशरवर ११ वर्षं म्हणजे लाल_माती यांचं ऐकाच, या आठवड्यात.

कॉन्सन्ट्रेटर आत्ता नको. घरी कायमचा ऑक्सिजन लावतात तो बसल्या जागी, तब्येत स्थिर असताना ८८ किंवा खाली असेल तर, धमनीतल्या रक्ताची तपासणी करून. ९३ ला त्याची गरज नाही. धाप आणि कमी ऑक्सिजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही सीओपीडी रुग्णांत जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते, म्हणून झटक्यातही लक्ष्य ८८ ते ९२ चं असतं, शंभराचं नाही. ऑक्सिमीटर स्वतःच दोन-तीनने इकडेतिकडे दाखवतो. हात गार नको, नखाला रंग नको, आकडा अर्धा मिनिट स्थिर झाला की मगच वाचायचा.

काकींचं विमान: केबिनमधली हवा २४०० मीटरपर्यंतच्या उंचीवर असावी इतकी विरळ असते, ऑक्सिजन काही अंकांनी उतरतो. जमिनीवर बसून ९२ च्या खाली असेल तर आधी छातीच्या डॉक्टरांचं मत घ्या. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म तिकिटाच्या वेळीच मागा, आदल्या रात्री नाही. पंप आणि स्पेसर हातातल्या पिशवीत.

---

वारा_पाणी

राजस्थानात एप्रिल ते जून हाच आंधीचा हंगाम. २ मे २०१८ च्या वादळांत राजस्थान-उत्तर प्रदेशात मिळून शंभरावर माणसं गेली, बहुतेक पडलेल्या भिंती-झाडांखाली. श्वासाच्या आधी निवारा बघायचा तो म्हणून. आंधी येते ती मेघगर्जनेच्या ढगातून खाली कोसळणाऱ्या थंड हवेच्या लोटापुढे. क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली की हाताशी काही मिनिटंच असतात. हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज रोज दुपारी दोननंतर बघत राहा, वादळं बहुतेक दुपार-संध्याकाळची. लग्नाचा मांडव उघड्यावर आणि संध्याकाळचा असणार, तेव्हा जवळची पक्की, खिडक्या बंद होणारी खोली आधीच हेरून ठेवा.

आंधीत काकींनी आतल्या खोलीत बसावं, दाराखाली ओला टॉवेल. गाडीत असतील तर काचा वर, एसी आतली हवा फिरवायच्या बटणावर, पण लांबच्या प्रवासात दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडी बाहेरची हवा घ्यावी, नाहीतर चालकाला सुस्ती येते. वादळ निवलं म्हणजे हवा निवळली असं नाही, मागे पाऊस पडला नाही तर बारीक धूळ तासन्तास राहते. आणि नंतर अंगण झाडायला सुरुवात होते, तोच सगळ्यात वाईट तास. तेव्हा काकी आत.

दमेकऱ्यांसाठी आणखी एक: गडगडाटाच्या वाऱ्यात परागकण दमट होऊन फुटतात आणि त्याचे तुकडे खोल जातात, त्यामुळे धुळीपेक्षाही अचानक झटका येऊ शकतो. पंप खोलीत ठेवून मांडवात जायचं नाही. आणि तो उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नाही, डबा ३० अंशांखाली ठेवायचा असतो, तिथल्या मेमध्ये गाडीचं कपाट भट्टी होतं. राखीव डबा इथूनच न्या.

परतल्यावर कपडे बदलून आंघोळ, आणि नाक धुवायचं तर पाव लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ. नळाचं पाणी थेट नाकात नको. पुढचे तीन दिवस फुंकर यांनी सांगितलेली पाहणी तशीच, फक्त गोव्यात बसून.